अचानक दारू सोडवताना जीव जाऊ शकतो

गावातल्या दारूबंदीवरच्या एका लेखात गावच्या बायकांनी दारूच्या भट्ट्या बंद पाडल्याचं आलंय, ते योग्यच. पण रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली की काय होतं, तेही लिहायला हवं होतं. 6 ते 8 तासांत हात थरथरतात, घाम फुटतो. पहिल्या दोन दिवसांत आकडीचे (फिटचे) झटके येऊ शकतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणूस बरळतो, नसलेले किडे झटकतो. आपल्याकडे मग 'बाहेरचं लागलं' म्हणून मांत्रिकाकडे नेतात, आणि तिथंच घात होतो! सरळ ग्रामीण रुग्णालयात न्या, रोज किती प्यायचा ते लपवू नका. ग्लुकोजची सलाईन लावण्याआधी थायमिनचं, म्हणजे बी-1 जीवनसत्त्वाचं इंजेक्शन द्यायला सांगा. ते राहिलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते.