एडिटिंगला कोण बसलं होतं?
वस्तीवरच्या प्रदर्शनाबद्दलचा लेख वाचला. मुलाखती रहिवाशांच्या घेतल्या म्हणजे प्रकल्प रहिवाशांचाच झाला, हे त्यातलं म्हणणं काही पटलं नाही. आमच्या वस्तीवरच्या अशाच प्रदर्शनासाठी आजीने २ तास आठवणी सांगितल्या. प्रत्यक्षात हेडफोन लावला तर तिचा आवाज जेमतेम ४० सेकंद, मागे उदास बासरी. नळावरच्या भांडणाचा किस्सा सांगताना ती खळखळून हसली होती, तो गायब! काय ठेवायचं, काय कापायचं हे ठरवताना आमच्यापैकी कुणीच नव्हतं.

याउलट अमेरिकन चित्रकार ज्युडी बाका यांनी लॉस एंजेलिसमधलं अर्धा मैल लांबीचं भित्तिचित्र १९७६ पासून शेकडो स्थानिक मुलामुलींना सोबत घेऊन रंगवलं. ब्रश त्या मुलामुलींच्याच हातात होता, हा फरक लेखात यायला हवा होता. आणि हो, आजीच्या रेकॉर्डिंगची मूळ प्रत आम्हाला अजून मिळालेली नाही.