माकडाची करंगळी

जर्मनीत ड्रेस्डेनला एल्बे नदीकाठी, अल्बर्ट पुलापाशी, दर शनिवारी जुना बाजार भरतो. बायकोने मला कोथिंबीर आणायला पाठवलं होतं. मी चिनी मातीचं माकड घेऊन आलो.

ऐरंगैरं नव्हे. अंगात कोट, डोक्यावर टोप, तोंडाला बासरी. शेजारच्या माइसेनच्या कारखान्यात अठराव्या शतकात शिल्पकार केंडलरने माकडांचा अख्खा वाद्यवृंद घडवला, त्यातलं. म्हणजे वंशज; बरंच अलीकडचं, बिनरंगाचं, पांढरंशुभ्र. तळाला कारखान्याची खूण, निळ्या रंगात एकमेकींना छेदणाऱ्या दोन तलवारी! ऐंशी युरो म्हणाला, दिले. घासाघीस केली तर अडाणी दिसू, अशी भीती.

तेव्हापासून एक खोड जडली. कुणाकडेही गेलो की बशी उलटी करून तळ बघतो. एकदा तीत वरण होतं.

पण या रोगाचे थोर रुग्ण होऊन गेलेत. इथल्या ऑगस्ट राजाने १७१७ मध्ये प्रशियाच्या राजाला सहाशे घोडेस्वार दिले आणि बदल्यात चिनी मातीचे १५१ नग घेतले. मी हे अभिमानाने सांगितलं, तर बायको म्हणाली, "म्हणजे बोहारीणच की! जुन्या साड्यांऐवजी शिपाई."

शेवटी माकड विकायचं ठरलं. वाटेत ट्राममध्ये धक्का लागू नये म्हणून मी ते तांदळाच्या डब्यात गळ्यापर्यंत पुरून नेलं. या युक्तीवर मी खूश होतो.

दुकानातल्या आजोबांनी माकडाच्या तोंडाकडे पाहिलंसुद्धा नाही. उलटं केलं, भिंग लावलं, तलवारींवरून नख फिरवलं. त्यांवर आडवा ओरखडा होता. मी त्याला जुनेपणाची खूण समजत होतो. निघाला कारखान्यानेच मारलेला, माल दुय्यम म्हणून. मग आजोबा बोटं मोजू लागले. नऊ भरली. पुन्हा मोजली. नऊच.

"दहावं आणा, मग बोलू."

सकाळी दहा होती, मी स्वतः मोजली होती. घरी येऊन वर्तमानपत्रावर डबा पालथा केला आणि चष्मा लावून निवडायला बसलो. तांदळाच्या दाण्याएवढी पांढरी करंगळी, तीन किलो तांदळात! तेवढ्यात बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "अरे, त्यातले दोन वाट्या मी मघाशीच कुकरला लावलेत."

शिट्टी झाली.