साबणावरचा ससा

कोल्हापुरात कुठल्याही दुकानात जाऊन विचारा, हे प्राण्यांवर टेस्ट केलेलं आहे का हो, समोरून उत्तर येणार, "एकदम शाकाहारी वैनी, घ्या बिनधास्त." वर पाकीट फिरवून हिरवा ठिपका दाखवणार. आता हिरवा ठिपका म्हणजे आतल्या मालात चरबी-बिरबी नाही एवढंच, तो माल आधी कुणाच्या डोळ्यात घालून बघितला ते काही ठिपका सांगत नाही. पण हे समजावून सांगेपर्यंत मागं गिऱ्हाईकं साठलेली असतात आणि त्यातला एकजण बोलतोच, "वैनी, साबण घेताय का पोरीला स्थळ बघताय?"

माझं हे खूळ कॉलेजपासूनचं. बी.फार्मला फार्माकॉलॉजीच्या प्रॅक्टिकलला ससा असायचा. एका डोळ्यात ॲट्रोपिन, दुसऱ्यात नुसतं सलाइन, मग प्लास्टिकची पट्टी धरून बाहुली किती मोठी झाली ते मोजायचं, कापसाची वात बुबुळाला टेकवून पापणी मिटते का बघायचं आणि जर्नलमध्ये टेबल आखायचं. ससा धरायचं काम माझ्याकडं, कारण घरी मांजरं होती म्हणून मला अनुभव आहे असं सरांनी परस्पर ठरवलेलं. त्याला फार दुखत नसावं, बाहुली मोठी होते आणि काही वेळानं परत बारीक होते, पण ससा ओरडत नाही हो, तो हातात नुसता धडधडत राहतो, आणि इकडं पार्टनर म्हणतोय हलवू नको, माझं रीडिंग चुकतंय. आता ही प्रॅक्टिकलं कॉम्प्युटरवर होतात, स्क्रीनवरच्या सशाच्या डोळ्यात माऊसनं थेंब टाकायचा. बरं झालं.

त्याच वर्षी पुस्तकात ड्रेझ टेस्ट वाचली. अमेरिकेच्या एफडीएमधल्या, म्हणजे तिथल्या अन्न-औषध खात्यातल्या, जॉन ड्रेझनं 1944 साली ही पद्धत बसवली. पांढऱ्या सशाच्या डोळ्यात तो पदार्थ घालायचा आणि मग रोज बघून लाली किती, सूज किती, बुबुळ किती पांढरं पडलं याला मार्क द्यायचे. ससाच का, तर गरीब जनावर, स्वस्त, डोळे मोठे, आणि आपल्यासारखं घळाघळा पाणी येऊन त्याचा डोळा धुतला जात नाही, म्हणजे घातलेलं आत टिकतं. त्या मानानं आमचं ॲट्रोपिन म्हणजे लाडच म्हणायचे. तेव्हापासून शाम्पू डोळ्यात गेला की मला ससा आठवतो, आणि शाम्पू तर डोळ्यात जातोच.

आमचे हे म्हणतात, "अगं पण कायद्यानं बंद आहे ना, मग पाकिटं काय वाचत बसतेस?" बंद आहे, बरोबर. कॉस्मेटिकची प्राण्यांवर चाचणी करायला भारतात 2014 पासून बंदी आहे आणि बाहेर तशी चाचणी करून आणलेला माल आयात करायलासुद्धा त्याच वर्षी बंदी आली, युरोपनं तर विक्रीच बंद केली 2013 ला. पण कायदा म्हणतो कॉस्मेटिक. म्हणजे शाम्पू, क्रीम, लिपस्टिक, पावडर. फरशीचं लिक्विड, फिनेल, भांड्याचा बार, संडास धुवायचं ते निळं, हे काय कॉस्मेटिक नव्हे, आणि माझ्या महिन्याच्या यादीत निम्म्याच्या वर हेच असतंय. शिवाय एकाच कंपनीचा माल इथं एका कायद्यात आणि दुसऱ्या देशात दुसऱ्या कायद्यात. चीनमध्ये बाहेरून येणाऱ्या कॉस्मेटिकला प्राण्यांवर चाचणी सक्तीचीच होती, 2021 पासून साध्या मालाला अटी घालून सूट दिली, तोवर तिथं विकायचं तर करायलाच लागायचं. म्हणजे इथल्या क्रीमच्या ट्यूबवर पानं-फुलं आणि तिथं त्याच कंपनीच्या ट्यूबपायी ससा टेबलावर. हे सगळं मी यांना जेवताना सांगितलं तर म्हणाले, "बरं, मग लिंबू घालून रस्सा वाढ."

मेडिकलमध्ये तरी कळेल म्हटलं. आमच्या कोपऱ्यावरचा मेडिकलवाला पोरगा स्वतः डी.फार्म. त्याला विचारलं, प्राण्यांवर टेस्ट न केलेला फेसवॉश दे. त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी एक्स्पायरीची गोळी मागितलीय.

"टेस्ट न केलेला कसा देऊ मॅडम? काही झालं तर?"

"टेस्ट केलेलाच दे रे, प्राण्यांवर न केलेला."

"म्हणजे डायरेक्ट माणसावर? मग आमीच ससे की!"

मग त्याला सगळं सांगितलं, की आता माणसाच्या पेशींपासून प्रयोगशाळेत कातडी वाढवतात आणि तिच्यावर बघतात, डोळ्यासाठी कत्तलखान्यात आधीच कापलेल्या जनावराचा डोळा घेतात त्यावर बघतात, आणि तेल, मीठ, सोडा, ग्लिसरीन असले पिढ्यान्‌पिढ्या अंगाला लागलेले पदार्थ असतील तर परत नव्यानं सशाकडं जायची गरजच काय. पोरगं हुशार, सगळं ऐकून घेतलं. म्हणालं, "मॅडम एक बोलू का, राग मानू नका. रविवारी सकाळी तुम्ही मटणाच्या लायनीत असताय."

असते. खोटं कशाला बोलू. आणि पायात कापशी चप्पल असते, चांगली करकर वाजणारी, तीही कातड्याचीच. हा प्रश्न मला इतक्या लोकांनी विचारलाय की आता माझं उत्तर पाठ आहे. मटणवाला बोकड समोर टांगतोय, काय कापलंय ते दिसतंय, आवडलं तर घ्या नाही तर पुढं चला. चप्पलवाला वासावरनं सांगतोय हे कातडं हाय. दोघंबी काय लपवत नाहीत. फळीवर आधीच लिंबाच्या वासाची एवढी लिक्विडं असताना अजून एक लिंबाच्या वासाचं यावं म्हणून कुणाच्या डोळ्यात काय घातलं हे मात्र मला पाकिटावर नखाएवढ्या जागेत कुणी छापून देत नाही, आणि छापलंच तर अशा भाषेत की वकील लावावा. "या अंतिम उत्पादनाची प्राण्यांवर चाचणी केलेली नाही." अंतिम. आतला कच्चा माल दुसऱ्यानं सशावर टेस्ट करून विकला असंल तर ते वाक्य खोटं ठरत नाही. सलग वाचलं की पुण्य लागतं, थांबत थांबत वाचलं की शंका येते.

बरं, प्राण्यांवर चाचणी केली नाही याची खूण म्हणून ससा छापतात, पण ससा छापलाय म्हणूनही खुश व्हायचं नाही. उडी मारणारा ससा असतो, लीपिंग बनी नावाच्या प्रमाणपत्राचा, त्यात कच्च्या मालाच्या सप्लायरपर्यंत चौकशी होते. पेटा या प्राण्यांसाठीच्या संघटनेचा वेगळा ससा असतो. आणि तिसरा ससा म्हणजे कंपनीतल्या आर्टिस्टनं दुपारी जेवून आल्यावर काढलेला, त्याला कोण विचारणार. मी मोबाइलवर फोटो काढून झूम करून सशाचे कान बघत असते आणि मॉलमधली मुलगी येऊन म्हणते, "मॅम, हे पूर्ण केमिकल फ्री आहे." केमिकल फ्री म्हणजे बाटली रिकामी पाहिजे, पाणीसुद्धा केमिकलच. पण ती बिचारी दिवसभर उभी असते, तिला काय बोलायचं.

पाकिटावर कस्टमर केअरचा नंबर असतो, तिथंही लावून बघितलं. भाषेसाठी हे दाबा, तक्रारीसाठी ते दाबा करत करत एक मुलगी आली.

"मॅडम, आमचं प्रॉडक्ट एकदम सेफ आहे, डर्मेटॉलॉजिकली टेस्टेड आहे."

"कुणावर?"

"स्किनवर मॅडम."

"कुणाच्या स्किनवर?"

बराच वेळ गाणं वाजलं. मग परत आली आणि म्हणाली तुमची तक्रार नोंदवून घेतलीय, ससा कुठल्या प्रॉडक्टमध्ये सापडला त्याचा बॅच नंबर सांगा. मी फोन ठेवला. तरी दुसऱ्या दिवशी मेसेज आला, तुमच्या तक्रारीचं निराकरण झालेलं आहे, समाधानी असाल तर पाच स्टार द्या.

सासूबाई हे सगळं गंमतीनं बघत असतात. त्यांचं म्हणणं, राख आन् काथ्या घे, भांडी लखलखतील, डोक्याला शिकेकाई आन् रिठा लाव, कशाला ससा आन् कशाला पाकीट. बोलायला सोपं आहे. राख आणायची कुठनं, घरात गॅस. आणि स्वतः त्या गोऱ्या होण्याच्या ट्यूबची घडी घालून घालून शेवटचा थेंब काढतात, त्या ट्यूबवर काय लिहिलंय ते वाचायची मला परवानगी नाही.

फिनेलचा प्रश्न मात्र सुटल्यासारखा झाला. आमच्या गल्लीत बचत गटाच्या काकी पाण्याच्या जुन्या बाटल्यांतनं फिनेल विकतात, पांढरंशुभ्र, वास असा की खालच्या मजल्यावर कळतं वर फरशी पुसली.

"काकी, हे टेस्ट कशावर करता?"

"माझ्या सासूच्या मोरीवर."

असं स्वच्छ उत्तर मला कुठल्याच कंपनीनं दिलेलं नव्हतं. मी लगेच दोन बाटल्या घेतल्या आणि मग डोक्यात किडा वळवळला, कच्चा माल कुठनं आणता. म्हणे लक्ष्मीपुरीतनं. लक्ष्मीपुरीत गेले तर दुकानदार कॅनवर बसून चहा पीत होता, म्हणाला मुंबईसनं येतंय. मुंबईत कुठनं येतंय? "ते मुंबईवाल्याला ठावं. तुमास्नी किती लिटर पायजे?" काकींकडनंच घेते अजून. तेवढं तरी सासूच्या मोरीपर्यंत मला माग लागतोय.

साबणाचं पण शेवटी जमलं, म्हणजे जमल्यासारखं. आमचे किराणावाले मामा, शिवाजी पेठेत जुनं दुकान, मी रोज रोज विचारते म्हणून एकदा एजंटाकडनं उडीवाला ससा असलेल्या साबणाचा बॉक्स मागवला. जरा महाग, पण मामांचा शब्द. मला फोन करून बोलावलं, काउंटरवर साबणांची रास लावलेली, सगळे ससे एकाच दिशेला उड्या मारतायत, आणि मामा नवीन गाडी घेतल्यासारखे शेजारी उभे. मी पाच-सहा वड्या घेतल्या. बाकीचा बॉक्स काही हलेना.

पुढच्या वेळी गेले तर मामा वैतागलेले. "वैनी, तुमचा ससा काय चालंना बगा. परवा एक वैनी आल्या, साबण हातात घेतला, ससा बगितला आन् टाकला की खाली. श्रावण चालूय म्हणल्या, सशाचा साबण घरात न्हाई चालत."

"अहो मामा, त्यात ससा नाहीये, सशाला त्रास दिला नाही असा अर्थ आहे त्याचा."

"मला ठावं हाय की. पण त्यांचंबी काय चुकलं? आंब्याच्या ज्यूसवर आंबा असतोय, बदाम तेलावर बदाम असतोय. साबणावर ससा असल्यावर माणसानं आत काय समजायचं?"

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं, बी.फार्म असूनसुद्धा. माझ्या शेजारी उभी असलेली बाई तर म्हणाली, केस गळतायत, सशाचं तेल पण ठेवता का.

मामांनी मग त्यांच्या पद्धतीनं मार्ग काढला. रेटचं स्टिकर मारायचं मशीन घेतलं आणि बॉक्समधल्या प्रत्येक वडीवर बरोब्बर सशावर चिकटवलं. आता माल हिरव्या ठिपक्यावर धडाधड खपतोय, श्रावणातसुद्धा, मामांनी दुसरा बॉक्सबी सांगितलाय. मी गेले की सवयीनं वडी उचलते आणि नखानं स्टिकर खरवडून बघते, तोच ससा आहे का दुसरा कुठला आलाय, आणि मामा आतनं ओरडतात, "वैनी, स्टिकर काढू नका ओ, मग रेट मलाच कळत न्हाई."