‘एवढी शिकलेली माणसं फसतात कशी?’

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी पेपरातलं कात्रण टाकलं. निवृत्त अधिकारी, डिजिटल अरेस्ट (म्हणजे खोट्या पोलिसांनी व्हिडिओ कॉलवर ‘अटक’ करून धरून ठेवणं), आयुष्यभराची पुंजी गेली. आता रोजचीच बातमी. पाच मिनिटांत खाली हसणाऱ्या इमोजींची रांग लागली. “एवढे शिकलेले आणि अक्कल शून्य.” “पैसा जास्त झाला की असंच होतं.” एका काकांनी तर लिहिलं, “मला येऊ दे तो फोन, बघा कसा घुमवतो त्याला.” मी दोनदा उत्तर टाइप केलं, दोनदा खोडलं. तिथे भांडण्यात अर्थ नाही म्हणून इथे लिहितेय. लांबेल. ज्यांना वेळ नाही त्यांनी खुशाल पुढे सरकावं.

माझ्या मावशीला गेल्या वर्षी असंच धरून ठेवलं होतं. नाव-गाव सांगणार नाही, तिची तशी अट आहे. मावशी मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली. हजेरीपटावर खाडाखोड दिसली की शिक्षकाला समोर उभं करणारी. लाइट बिल मुदतीच्या आधी भरणारी, रिक्षावाल्याने दोन रुपये जास्त परत दिले तर हाक मारून परत करणारी. मावसभाऊ परदेशात, काका गेलेले, घरात ती एकटी.

दुपारी फोन आला. तुमच्या आधारवर घेतलेल्या सिमवरून लोकांना घाणेरडे मेसेज गेले आहेत, दोन तासांत तुमचे सगळे नंबर बंद होतील, माहितीसाठी ९ दाबा. तिने दाबलं. आधी ‘दूरसंचार खात्यातली’ एक मुलगी बोलली, अगदी गोड. तिने कॉल ‘पोलिसांकडे’ जोडून दिला. मग व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल, खाकी गणवेश, मागे भिंतीवर बोधचिन्ह, टेबलावर छोटा तिरंगा. तुमच्या नावाने खातं उघडलंय, त्यातून काळा पैसा फिरलाय. आणि मग मोबाईलवर एक पत्र आलं. गोल शिक्का, विषय, संदर्भ, आणि वर जावक क्रमांक.

मावशी म्हणते, “तो जावक क्रमांक बघितला आणि माझे हातपायच गळाले.”

हसणाऱ्यांना हे वाक्य कळणार नाही. जिची सगळी नोकरी परिपत्रकं आणि शासन निर्णय वाचून त्याप्रमाणे वागण्यात गेली, तिच्यासाठी जावक क्रमांक असलेला कागद म्हणजे खरा कागद. त्या चोरांना हे पक्कं माहीत आहे. लोभी माणसाला पकडायचं तर लॉटरीचा मेसेज पुरतो, शेअरच्या टिप्सचा ग्रुप पुरतो. हा सापळा वेगळ्या माणसांसाठी लावलेला आहे. ज्यांनी कधी सिग्नल तोडला नाही, ज्यांना ‘पोलीस ठाण्यात या’ एवढं ऐकूनच घाम फुटतो, त्यांच्यासाठी. ज्याला चार वेळा पावती फाटायची सवय आहे तो हसून फोन ठेवतो. आणि आपण कुणाला वेडं ठरवतोय? मावशीला!

बरं, ‘शिकलेले’ म्हणताय तर ऐका. २०२४च्या ऑगस्टमध्ये लुधियानाचे एस. पी. ओस्वाल, म्हणजे वर्धमान समूहाचे प्रमुख, पद्मभूषण मिळालेला माणूस, त्यांना दोन दिवस कॅमेऱ्यासमोर बसवून ठेवलं आणि सात कोटी काढले. त्यांच्यासाठी तर सर्वोच्च न्यायालयाची खोटी सुनावणी भरवली होती, सरन्यायाधीशांच्या नावाने कुणीतरी बोललं, खोटा आदेश दिला. हजारो माणसं हाताखाली असलेला उद्योगपती जिथे अडकला तिथे सोसायटीतले काका ‘घुमवणार’ आहेत म्हणे.

हो, मान्य आहे, मोहाने फसणारेही असतात, आणि काही लोक दहादा सांगूनही ओटीपी देतात. झालं समाधान? आता पुढे.

मावशीला रात्रभर फोन चालू ठेवायला लावला. कपाटाला टेकवून, ती दिसेल असा. ती पलंगावर बसून राहिली, चांगली साडी नेसून, कारण ‘साहेब’ बघत होते. संध्याकाळी तिने विचारलं, “साहेब, देवापाशी दिवा लावू का?” तिकडून परवानगी मिळाली. बाथरूमला जायचीही परवानगी घेतली. हे तिने मला खूप महिन्यांनी सांगितलं, तेही माझ्याकडे न बघता. पैसे गेले त्याचं ती बोलते. हे परत कधी बोलली नाही.

आता लिहितानाही माझं डोकं फिरतंय.

आणि ते नुसते दरडावत नव्हते हो. एक जण ओरडणारा आणि एक समजूतदार, अशी जोडी होती. दुसरा म्हणायचा, “मॅडम, तुम्ही शिक्षिका होतात म्हणून मी वरिष्ठांशी बोलतोय, तुम्ही निर्दोष आहात हे मला कळतंय, फक्त तुमचे पैसे एकदा तपासून घ्यावे लागतील, रिझर्व्ह बँकेच्या खात्यात टाका, पडताळणी झाली की परत.” निवृत्तीनंतर पेन्शनच्या एका दुरुस्तीसाठी मावशीने कितीतरी खेटे घातले होते, तिथे कुणी खुर्चीही दिली नव्हती. खोट्या साहेबाने तिला मॅडम म्हटलं, तिचं पूर्ण ऐकून घेतलं. आपल्याकडे खरं सरकार नागरिकाशी असं बोलतं की खोटं सरकार ओळखायलाच येत नाही. ओरडलं तरी खरं वाटतं, गोड बोललं तर देव भेटल्यासारखं वाटतं. याची लाज मावशीला का वाटावी?

कायदा काय सांगतो ते मला माझ्या वकील मैत्रिणीने नंतर नीट समजावलं. ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची गोष्ट आपल्या कायद्यात कुठेच नाही. व्हिडिओ कॉलवर अटक होत नाही. खरी अटक झाली तर २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावं लागतं. बाईला सूर्यास्तानंतर अटक करायची तर अपवादात्मक कारण हवं, महिला पोलीस अधिकारी हवी आणि मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी हवी. चौकशीला हजर राहा अशी नोटीसही पोलिसांनी व्हॉट्सॲपवर पाठवून चालत नाही, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये तसं स्पष्ट सांगितलंय. आणि कुठलीही यंत्रणा, ईडी असो, सीबीआय असो, कस्टम्स असो, ‘तपासण्यासाठी’ तुमच्याकडून पैसे दुसऱ्या खात्यात मागवून घेत नाही. कधीच नाही. खातं गोठवायचं असेल तर ते थेट बँकेला कळवतात, तुम्हाला आरटीजीएस करायला लावत नाहीत.

मावशीला यातलं थोडंफार माहीत होतं, हे सांगितलं तर तुम्हाला पटेल का? ती रोज पेपर वाचते. पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४च्या ‘मन की बात’मध्ये सांगितलेलं ‘थांबा, विचार करा, कृती करा’ तिने ऐकलं होतं. सायबर चोरांपासून सावध करणारी बच्चनच्या आवाजातली ती कॉलर ट्यून, जिला आपण सगळे शिव्या घालायचो, तीही ऐकली होती. (त्या ट्यूनने काही लोक वाचले असतील. असोत.) पण समोर गणवेशातला माणूस डोळे रोखून बसलाय, कॅमेरा बंद केला तर गाडी पाठवतो म्हणतोय, तेव्हा थांबून विचार करायला जागा कुठे उरते? ती जागाच ते आधी काढून घेतात. पहिल्या दहा मिनिटांत सांगतात, हे राष्ट्रीय गुपित आहे, कुणाला सांगितलंत तर त्यांनाही आत घेऊ. मावशीला म्हणाले, मुलाला सांगितलंत तर त्याचा पासपोर्ट जाईल. झालं! आता ती मुलाला फोन करेल? ती त्याला वाचवायला निघाली होती.

म्हणून माझं एकच म्हणणं आहे आणि ते मी दहा वेळा म्हणेन. पैसे मागणं वगैरे नंतरचं, खरं ओळखायचं ते इथे: जो ‘कुणाला सांगू नका’ म्हणतो तो चोर. मग तो पोलीस म्हणवून घेवो नाहीतर न्यायाधीश. खरे पोलीस तुम्हाला नातेवाइकाला, वकिलाला कळवू देतात, तो तुमचा हक्क आहे. तेवढं ऐकलं की फोन कट करायचा. उत्तर द्यायचं नाही, वाद घालायचा नाही, घुमवायचं तर अजिबात नाही. त्यांच्याकडे तुमचं नाव, पत्ता, आधारचे आकडे आधीच असतात, तेव्हा ‘त्यांना माझी माहिती आहे’ म्हणजे ते खरे, असंही नाही. आपली माहिती इतक्या ठिकाणी झेरॉक्स होऊन पडलीये की त्याचं आश्चर्य वाटायलाच नको. शंका असेल तर त्या खात्याचा नंबर स्वतः शोधून लावायचा, त्यांनी दिलेला नाही. किंवा सरळ जवळच्या पोलीस ठाण्यात चालत जायचं.

आता बँकेचं सांगते, कारण तिथे मावशी वाचली. अर्धीमुर्धी. पहिल्या दिवशी तिने मोबाईलवरून पावणेपाच लाख पाठवले होते. दुसऱ्या दिवशी एफडी मोडायला बँकेत गेली, पर्समध्ये फोन, कॉल चालूच. ‘भाचीच्या फ्लॅटसाठी’ असं सांगायला तिला शिकवलं होतं. (भाची म्हणजे मी. मला फ्लॅट बिट काही नकोय.) काउंटरवरची मुलगी, पंचविशीची असेल, हिने मावशीचे हात बघितले. काही बोलली नाही. पैसे भरायच्या स्लिपच्या मागे तिने पेनने लिहिलं, “फोनवर कोणी आहे का?” आणि स्लिप फिरवून मावशीपुढे सरकवली. मावशीने मान हलवली.

मॅनेजरने आत बसवलं, पर्समधून फोन काढून बंद केला, १९३०ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, त्यांनीच लावलं. त्यामुळे आदल्या दिवशीच्या पैशांतला काही भाग पुढच्या कुठल्यातरी खात्यात अडवला गेला. एवढ्या उशिरानेही अडला हे नशीब, कारण हे पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून पाच-सहा खात्यांत असे पळवतात. म्हणून १९३० हा नंबर आत्ता, ही पोस्ट वाचता वाचता, घरातल्या ज्येष्ठांच्या फोनमध्ये सेव्ह करा. पैसे गेल्यावर ‘आधी रडून घेऊ, मग मुलाला सांगू, मग उद्या बँकेत जाऊ’ यात सगळं जातं. पहिल्या तासात फोन केला तर आशा असते. cybercrime.gov.in म्हणतात त्या सायबर क्राइम पोर्टलवरही तक्रार होते. आणि फोनवर नुसता प्रयत्न झाला, पैसे गेले नसले, तरी दूरसंचार खात्याच्या संचार साथी पोर्टलवर ‘चक्षू’ नावाची सोय आहे, तिथे तो नंबर कळवता येतो.

त्या मुलीला कुणी बक्षीस दिलं का माहीत नाही. मी मिठाई घेऊन गेले तर लाजली, म्हणाली, “माझी आजी आहे ना तशीच.”

पण प्रत्येक काउंटरवर अशी मुलगी कुठून आणायची? सगळा भार नागरिकानेच उचलायचा का? ती भाड्याची खाती उघडली कुणी? पाच-दहा हजारांसाठी आपलं पासबुक आणि सिम दुसऱ्याला देणारी पोरं आपल्याच गावातली आहेत, आणि केवायसी करणाऱ्या बँकाही आपल्याच. अंबाल्याच्या एका वृद्ध जोडप्याला सर्वोच्च न्यायालयाचे खोटे आदेश दाखवून एक कोटीहून अधिक लुटलं, त्यांच्या तक्रारीची दखल खुद्द न्यायालयाने घेतली आणि डिसेंबर २०२५ मध्ये ही प्रकरणं सीबीआयकडे सोपवली. चांगलं झालं. उशीर झाला, पण चांगलं झालं.

फोन करणाऱ्यांतले काही स्वतःच अडकलेले असतात, हेही खरं. नोकरीच्या नावाने नेऊन म्यानमार, कंबोडियातल्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर, कुंपणांच्या आत डांबलेली आपली मुलं. मार्च २०२५ मध्ये म्यानमारमधून सुटलेल्या शेकडो जणांना सरकारने विमानाने परत आणलं. त्यांची कीव येते मला. पण मावशीला दिवा लावायची परवानगी देणारा तो आवाज आठवला की ती कीव फार टिकत नाही, खोटं कशाला बोलू.

मावसभाऊ व्हिडिओ कॉलवर पहिल्यांदा काय म्हणाला माहितीये? “आई, तू अनोळखी फोन उचलतेसच का?” बास. मावशी गप्प. त्यानंतर तिने कितीतरी दिवस कुणालाच काही सांगितलं नाही. भावाचंही चुकलं असं नाही, घाबरला होता तो. पण तुमच्या घरी आई-बाबांनी चुकीचं बटण दाबलं, टीव्हीचं सेटिंग बिघडवलं, तर तुम्ही कोणत्या आवाजात बोलता ते एकदा आठवा. त्या आवाजाची भीती वाटते म्हणून माणसं आपल्यापासून लपवतात, आणि चोराला तेवढंच हवं असतं. ग्रुपवर हसणाऱ्या काकांच्या सौ. त्याच ग्रुपवर आहेत. उद्या त्यांना असा फोन आला तर त्या नवऱ्याला सांगतील का?

असो. एक काम आहे. मावशीची अडवलेली रक्कम परत मिळवायला कोर्टाचा आदेश लागतो असं पोलिसांनी सांगितलंय, अर्ज दिलाय, तारीख पडतेय. कुणाची रक्कम लोक अदालतीतून किंवा मॅजिस्ट्रेटच्या आदेशाने सुटली असेल तर कागदपत्रं कोणती लागली ते मला इनबॉक्समध्ये सांगा. कमेंटमध्ये नको, मावशी फेसबुकवर आहे.