गिटार आधी कोणी टाकली?

पंक संगीतावरच्या एका लेखात म्हटलंय की पंकमधली (सत्तरच्या दशकातल्या त्या आक्रमक रॉकमधली) गिटार बाजूला सारून सिंथेसायझर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक आवाज काढणारा कीबोर्ड, पुढे आणला तो १९७९ मध्ये ब्रिटिशांनी. हे काही पटलं नाही. न्यूयॉर्कचा बँड 'सुइसाइड' सत्तरच्या दशकातच गिटारवाचून चालवायला शिकला होता. मार्टिन रेव्हकडे स्वस्तातला ऑर्गन आणि रिदम मशीन (आपोआप ताल वाजवणारं यंत्र), गायला ॲलन व्हेगा, बस्स. पहिला अल्बम १९७७ चा. कॉलेजात असताना रात्री तो हेडफोनवर लावला तेव्हा मला वाटलं केबल सैल झालीय. दोनदा जॅक काढून परत खोचला. ती घरघर मुळातलीच होती!

आणि लेखात लॉस एंजेलिसच्या 'स्क्रीमर्स' या बँडचं साधं नावही नाही? त्यांच्यात गिटारवाला नव्हताच. एक एआरपी ऑडिसी सिंथेसायझर, एक ऱ्होड्स इलेक्ट्रिक पियानो, दोन्हींचा आवाज मुद्दाम फाडलेला, सोबत ड्रम आणि गायक टोमाटा डू प्लेंटीचं किंचाळणं. बँड चालू होता तोवर एकही रेकॉर्ड निघाली नाही, म्हणून बहुतेक अशा याद्यांतून ते गळतात. पण त्यांच्या १९७८ च्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या कार्यक्रमाचं चित्रण आहे की. लेखकाने ते एकदा बघावं, मग १९७९ वर बोलू.