वजन सांगा, काइट घ्या? इतकं सरळ नाही ते

गेल्या आठवड्यात नेरूळहून भाच्याचा मेसेज आला. 'मामा, हे वाच. आपल्याकडे खाडी आहे, वारा आहे, मग शिकायला रामेश्वरमपर्यंत कशाला जायचं?' खाली एक फॉरवर्ड होता. तोवर तोच फॉरवर्ड मला ठाण्यातल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आणि ट्रेकिंगच्या एका ग्रुपवरही येऊन गेला होता. 'काइटसर्फिंग शिका, तेही घराजवळ' असं वर ठळक अक्षरात. काइटसर्फिंग म्हणजे काइटच्या, एका मोठ्या कापडी पतंगाच्या ओढीने फळीवर उभं राहून पाण्यावरून जाणं. मजकुराचा सारांश असा: लहानपणी पतंग उडवला असेल तर क्लासची गरज नाही. काइटचा आकार वजनावर ठरतो, ६० ते ८० किलोच्या माणसाला १२ मीटरची काइट. नवशिक्याने मोठीच घ्यावी, ती संथ असते. ठाण्याच्या खाडीचं पाणी उथळ आणि शांत, म्हणून शिकायला उत्तम. पावसाळ्यातला वारा सगळ्यात चांगला. आणि काही बिनसलंच तर क्विक रिलीज, म्हणजे काइटची ओढ झटक्यात तोडायची कळ आहे, काळजी नको.

हा खेळ मी शिकलो आहे, अजूनही शिकतो आहे. तो मला फार आवडतो. भाच्याला पाण्यावर बघायला मलाही आवडेल. म्हणूनच या फॉरवर्डला नुसतं 'असलं काही करू नकोस' असं उत्तर देऊन भागणार नाही. एकेक मुद्दा घेतो.

'पतंग उडवता येत असेल तर काइट येतेच.' संक्रांतीला गच्चीवर पतंग उडवलेल्या माणसाला वाऱ्याचा अंदाज असतो, हे मान्य. झाडांची पानं, धुराची दिशा, मधेच वारा पडणं हे त्याला पटकन कळतं. पण पतंगाचा मांजा बोटात असतो. हातून सुटला तर पतंग जातो, आपण गच्चीवरच राहतो. काइट कमरेच्या हार्नेसला, म्हणजे रुंद पट्ट्याला अडकवलेली असते. तिला ओढ बसली की माणूसही तिच्याबरोबर जातो.

दुसरा फरक ढिलीचा. काइटच्या दोऱ्या ज्या हातातल्या दांड्याला बांधलेल्या असतात तो बार. त्यावर ढील म्हणजे बार आपल्यापासून दूर जाऊ देणं. त्यानं ओढ कमी होते. बार जवळ घेतला की ओढ वाढते. आता घाबरलेला माणूस काय करतो ते आठवा. लोकलमध्ये अचानक धक्का बसला की हाताला लागेल ते घट्ट धरून आपण स्वतःकडे खेचतो. काइटवर नेमकं तेच करायचं नसतं. हात सोडायची ही सवय वाचून लागत नाही. त्यासाठी आधी जमिनीवर दोन-तीन मीटरची छोटी सरावाची काइट उडवतात, मग फळी न घेता पाण्यात नुसतं काइटने ओढत न्यायला शिकवतात, मग भर पाण्यात काइट पडली तर दोऱ्या गुंडाळून तिच्याच आधाराने किनाऱ्याला कसं यायचं ते शिकवतात. फळी त्यानंतर येते. बहुतेकांचे यात आठ-दहा तास जातात, आणि ते शिकवणारा शेजारी असताना गेले पाहिजेत.

आता आकाराचा मुद्दा. फॉरवर्डमधलं सगळ्यात घातक वाक्य हेच आहे, कारण ते हिशेबासारखं दिसतं.

काइटचा आकार चौरस मीटरमध्ये सांगतात. १२ मीटर म्हणजे १२ चौरस मीटर कापड. वजन लागतं हे खरं, पण तो हिशेबातला एकच आकडा. खरा मालक वारा. वारा दुप्पट झाला की त्याचा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. नॉट हे वाऱ्याच्या वेगाचं माप. १२ नॉटच्या वाऱ्यात जी काइट तुम्हाला आरामात ओढते, तीच १८ नॉटला सव्वादोनपट ओढते आणि २५ नॉटला चौपटीहून जास्त. माणसाचं वजन दुपारी तेवढंच असतं, वारा तेवढाच नसतो.

शिकणाऱ्यांमध्ये एक ठोकळ सूत्र चालतं: किलोतलं वजन गुणिले २.२, भागिले नॉटमधला वारा. ७० किलोच्या माणसाला १२ नॉटला साधारण १३ मीटर, १८ नॉटला साडेआठ आणि २५ नॉटला जेमतेम सहा. म्हणजे एकाच माणसाला एकाच किनाऱ्यावर १३ पासून सहापर्यंत काहीही लागू शकतं. फॉरवर्डमधली '६० ते ८० किलो, १२ मीटर' ही ओळ यातल्या एकाच टोकाच्या आसपास बरोबर ठरते. आणि या सूत्रातही एक खोच आहे. त्यात वारा दुप्पट झाला की आकार निम्मा होतो, पण ओढ चौपट वाढलेली असते; म्हणजे सूत्राप्रमाणे लहान काइट घेऊनही जोराच्या वाऱ्यात अंगावर येणारी ओढ दुप्पट उरते. सरावलेल्याला ती पेलते, उड्या मारायला हवीही असते. नवशिक्याने मात्र सूत्राच्या उत्तराहून एक माप खाली यावं, आणि २० नॉटच्या पुढे किनाऱ्यावरच बसावं. कंपन्यांचे तक्ते बघतानाही हे ध्यानात ठेवायचं, की ते फळीवर उभं राहता येणाऱ्यासाठी असतात.

एककांचा घोळ वेगळाच. काइटची सगळी मापं नॉटमध्ये बोलतात, हवामान खात्याचा अंदाज ताशी किलोमीटरमध्ये येतो, आणि मोबाइलवरचं ॲप जसं लावून ठेवलं असेल तसं. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. ॲपवर '२०' दिसलं, ते किलोमीटर समजून तुम्ही ११ नॉटची मोठी काइट हवा भरून तयार केली आणि प्रत्यक्षात ते २० नॉट होते, तर ओढ तिपटीहून जास्त. ही चूक करायला फक्त घाई लागते.

आणि सरासरी वाऱ्यावर कधी जायचं नाही. ॲपवर दोन आकडे असतात, एक सरासरीचा, एक झोताचा. सरासरी १४ आणि झोत २४ असेल, तर त्या झोताच्या क्षणी जोर जवळजवळ तिप्पट असतो. काइट झोताचा आकडा धरून निवडायची. दोन आकड्यांत इतकं अंतर असेल तर नवशिक्याने त्या दिवशी काइट भरूच नये.

हे मी पुस्तकी सांगत नाही. माझ्या शिक्षणाच्या पाचव्या दिवशी सकाळी १३ नॉट होता आणि मी १२ मीटरच्या काइटवर मजेत होतो. जेवून आलो तेव्हा वारा वाढला होता. काइट हवा भरलेली तयार होती, ती उतरवून नऊची भरायचा कंटाळा केला. शिकवणारा दुसऱ्या मुलाजवळ होता, त्याला विचारलंही नाही. उडवताना काइट डोक्यावर जाण्याऐवजी मधेच खाली झुकली आणि मी वाळूवर पालथा, पंधरा-वीस पावलं घसरत गेलो. क्विक रिलीज सोडला आणि पुढे पाणी होतं म्हणून निभावलं. उजवा खांदा सहा आठवडे वर जात नव्हता. नंतर त्या दिवसाचा वारा पाहिला तर २० नॉट. १३ ते २० हा आकडा ऐकायला किरकोळ वाटतो. ओढ दुपटीच्या वर गेली होती.

'मोठी काइट संथ, म्हणून सुरक्षित.' संथ असते हे खरं, वळायला वेळ घेते. पण चुकून वाऱ्याच्या मध्यावर, म्हणजे ओढ सगळ्यात जास्त असते तिथे आली तर तेवढाच जास्त वेळ तिथे राहते आणि ओढत राहते. याच्या आधारासाठी फॉरवर्डमध्ये ऑलिंपिकचा दाखला आहे. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये काइटची शर्यत पहिल्यांदा झाली, मार्सेयच्या समुद्रात, आणि तिथे २० मीटरहून मोठ्या काइटही होत्या, हे बरोबर. पण ते पाण्याच्या वर उचलल्या जाणाऱ्या फॉइलच्या फळीवर, वेगळ्या घडणीच्या काइट घेऊन, हलक्या वाऱ्यात जाणारे जगातले निवडक लोक. उलट बाजूही सांगून ठेवतो, कारण काही जण 'मग सगळ्यात लहान घेतो' म्हणतील. वाऱ्याला अपुरी पडणारी काइट आकाशात टिकत नाही, पाण्यात पडली की पुन्हा उठत नाही आणि तुम्ही प्रवाहाबरोबर वाहत राहता. शिवाय लहान काइट झटकन वळते. नवशिक्याच्या हाताला ते झेपत नाही.

आता खाडी. ऐरोलीच्या पुलावरून मी कित्येक वर्षं जा-ये करतो आहे. दुपारच्या उन्हात ते पसरलेलं पाणी बघून मोह होतो, हे मला कळतं. पण वारा कुठून येतो ते बघा. शाळेच्या भूगोलात शिकलेले खारे वारे आणि मतलई वारे इथे रोज चालतात. उन्हाळ्यातल्या दुपारी खारा वारा पश्चिमेकडून येतो, पण सरळ समुद्रावरून नाही. मुंबईची सगळी वस्ती आणि उंच इमारती ओलांडून येतो. अडथळ्याच्या उंचीच्या निदान सातपट अंतरापर्यंत वारा विस्कटलेला असतो असं शिकवतात. पन्नास मीटरची इमारत धरली तर साडेतीनशे मीटर. त्या वाऱ्यात काइट क्षणात ढिली पडते, क्षणात हिसका देते. नवी मुंबईच्या काठावर हा वारा पाण्याकडून जमिनीकडे येतो, म्हणजे तुम्हाला कांदळवनात, दगडी बांधावर किंवा पाम बीच रोडच्या दिशेला ढकलतो. पहाटे मतलई वारा उलटा, जमिनीकडून पाण्याकडे. तो तुम्हाला भर खाडीत नेतो. काठाला समांतर किंवा तिरका येणारा वारा लागतो. तो इथे भरवशाने मिळत नाही.

दोऱ्या २० ते २४ मीटरच्या असतात. वारा जिकडे वाहतो त्या बाजूला मी निदान शंभर मीटर मोकळी जागा धरतो. खाडीवर ऐरोलीचा पूल आहे, वाशीचे पूल आहेत, उच्च दाबाच्या तारांचे मनोरे पाण्यात उभे आहेत, मासेमारीच्या जाळ्यांचे खुंट आहेत. ओल्या दोऱ्या आणि विजेच्या तारा यांच्याबद्दल जास्त लिहायला नको.

'उथळ आणि शांत' हे तर अर्धवट पाहून लिहिलेलं आहे. उधाणाला इथे भरती-ओहोटीत चार मीटरहून जास्त फरक पडतो. कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात: चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. तो हिशेब करून बघा. संध्याकाळी पाचला तुम्ही पाण्यात उतराल तेव्हा ओहोटी जोर धरत असेल आणि खाडीतलं पाणी तुम्हाला घेऊन निघालेलं असेल. पाणी सरलं की खाली उरतो गाळ. त्यात पाय गुडघ्यापर्यंत रुततो, कालवांच्या धारेने तळवा कापतो, आणि काठ शंभर पावलांवर असून चालत येता येत नाही.

याहून मोठं कारण माझ्या लेखी वेगळं आहे. ऐरोली आणि वाशी पुलांच्या दरम्यान, पश्चिमेच्या अंगाला, ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य आहे. २०१५ साली घोषित झालं, सुमारे १,६९० हेक्टर, आणि २०२२ पासून ते रामसर पाणथळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. अभयारण्यात परवानगीशिवाय शिरणं १९७२च्या वन्यजीव कायद्यात बसत नाही. कायदा बाजूला ठेवला तरी हिवाळ्यापासून मेपर्यंत हजारो रोहित पक्षी त्या चिखलात खात असतात. डोक्यावरून बारा मीटरचं रंगीत कापड भिरभिरत गेलं की सगळा थवा उठतो. त्यांचं खाणं ओहोटीच्या वेळेपुरतं असतं, ते हुकतं. आपल्या दारात आलेल्या पाहुण्यांशी असं वागू नये, असं मला मनापासून वाटतं.

पावसाळ्याच्या वाऱ्याबद्दल थोडक्यात. वारा भरपूर असतो, पण काळा ढग आला की दहा मिनिटांत १५चा ३५ होतो, आणि विजा वेगळ्याच. १ जून ते ३१ जुलै राज्यात यांत्रिक मासेमारी बंद असते आणि कोळी नारळी पौर्णिमेला नारळ वाहून मगच दर्यात जातात. ज्यांचं आयुष्य पाण्यावर गेलं ते थांबतात, तिथे आपण पहिला धडा घ्यायला जायचं नाही.

उरला क्विक रिलीज. तो असतो आणि तो जीव वाचवतो. माझा त्या दिवशी त्यानेच वाचवला. पण तो आपोआप सुटत नाही, हाताने ढकलावा लागतो, आणि तोही पहिल्या सेकंदात. मी पंधरा-वीस पावलं घसरलो ती तो आठवायला लागलेल्या वेळाची. वाळू आणि मीठ बसलं की तो अडकतो, म्हणून दर वेळी गोड्या पाण्याने धुऊन, उडवण्याआधी एकदा सोडून बघायचा. तो सोडल्यावरही काइट एका दोरीने तुम्हाला जोडलेली राहते. ती कशात अडकली तर दुसरा रिलीज सोडून काइट पूर्ण जाऊ द्यावी लागते. हजारो रुपयांची काइट जाऊ द्यायला मन तयार असावं लागतं, आणि ते काठावरच ठरवून ठेवायचं असतं. हेल्मेट आणि तरंगणारं जॅकेट यांचा फॉरवर्डमध्ये उल्लेखच नाही. दोन्ही घालायचीच.

भाच्याला मी हे सगळं फोनवर सांगितलं. त्याचा पहिला प्रश्न होता, 'मग मी किती मीटरची घेऊ?' म्हटलं, आत्ता एकही नको. आधी माझी अडीच मीटरची सरावाची काइट घेऊन तारा आणि झाडं नसलेल्या मैदानावर चार-पाच रविवार काढू. तो डोळे मिटून तिला डोक्यावर स्थिर धरू शकला की हिवाळ्यात रामेश्वरमच्या उथळ, वाळूच्या तळाच्या पाण्यात जाऊ. तिथे शिकवणारा रोज सकाळी वारा मोजून हातात देईल ती काइट. पोहण्याचा सराव मात्र त्याने या सोमवारपासूनच सुरू केला आहे.