चुंबकावर फुकट फिरणारा पंखा : दाव्यातली विधाने आणि वस्तुस्थिती

संगणकातल्या छोट्या पंख्याच्या पात्यांवर चुंबक चिकटवायचे, कडेला आणखी एक धरायचा, की पंखा विजेविना फिरतो आणि त्याला जोडलेला दिवाही लागतो, असे दाखवणाऱ्या चित्रफिती व्हॉट्सॲपवर सतत येत असतात. सोबतच्या मजकुरातली विधाने एकेक करून तपासण्यासारखी आहेत.

‘चुंबकाचे बल संपत नाही, म्हणून ऊर्जाही अखंड मिळते.’ बल आणि ऊर्जा यांची ही सरमिसळ आहे. फ्रिजच्या दारावरचा चुंबक वर्षानुवर्षे कागद धरून ठेवतो, पण काहीच हलत नसल्याने त्यात कार्य घडत नाही, म्हणजे ऊर्जेची देवघेवही होत नाही. स्थिर चुंबकाकडे येताना पात्याला जेवढी ऊर्जा मिळते, तेवढीच दूर जाताना खर्ची पडते. घर्षण धरले तर फेरी तोट्यातच जाते.

मोटर फिरते ती वेगळ्या कारणाने. विद्युतप्रवाह वाहणाऱ्या तारेजवळ होकायंत्राची सुई वळते, हे कोपनहेगनचे शास्त्रज्ञ ओर्स्टेड यांनी 1820 मध्ये दाखवले आणि पुढच्याच वर्षी इंग्रज शास्त्रज्ञ फॅरडे यांनी पाऱ्यात टोक बुडवलेली तार चुंबकाभोवती फिरवली. प्रवाहातून निर्माण होणारे चुंबकत्व प्रवाहाची दिशा बदलताच उलटते, आणि सारी किमया इथेच आहे. चित्रफितीतला तोच पंखा उघडला तर मध्ये तांब्याच्या कॉइल, त्यांच्याभोवती फिरणारे चुंबकाचे कडे आणि कड्याचा ध्रुव कुठे आला हे ओळखून प्रवाह बदलणारी चिप दिसते. ज्या क्षणी ओढ अडसर ठरणार, त्या क्षणी तिचे ढकलणे होते. चिकटवलेल्या चुंबकाला हे जमत नाही. तरीही पंखा फिरतच राहिला, तर आधी लपवलेली बॅटरी शोधावी.

‘मोटरीने जनित्र फिरवावे, जनित्राने मोटरीला वीज द्यावी.’ जनित्रातून प्रवाह घेऊ लागताच त्या प्रवाहाचे चुंबकत्व फिरण्यालाच विरोध करते; भौतिकशास्त्रज्ञ लेंझ यांचा 1834 चा नियम तो हाच. फिरत्या मोटरीतही पुरवठ्याच्या विरुद्ध विद्युतदाब तयार होतो आणि त्यामुळेच प्रवाह आटोक्यात राहतो. विहिरीवरची मोटर जाम झाली की हा विरोध नाहीसा होतो, प्रवाह कित्येक पट वाढतो आणि वाइंडिंग जळते, हे रिवाइंडिंगवाल्याला वेगळे सांगावे लागत नाही.

‘बीएलडीसी (ब्रशविरहित डीसी मोटरच्या) पंख्यात चुंबक असल्यानेच वीज वाचते, मग चुंबक वाढवून ती शून्यावर आणता येईल.’ यातला पूर्वार्ध बव्हंशी खरा आहे. साध्या छतपंख्याला सुमारे 75 वॅट लागतात आणि बीएलडीसीला सुमारे 30, कारण रोटरमध्ये, म्हणजे मोटरीच्या फिरत्या भागात, चुंबकत्व निर्माण करण्यासाठी प्रवाह खर्च करावा लागत नाही. हवा ढकलण्याचे काम मात्र उरतेच, आणि त्याची ऊर्जा विजेतूनच येते.

‘कंपन्यांनी याचे पेटंट दडपले.’ प्रस्थापित निसर्गनियमांशी उघडपणे विसंगत असलेल्या दाव्याला भारताच्या 1970 च्या पेटंट कायद्याच्या कलम 3 नुसार पेटंटच मिळत नाही. आणि मिळालेले पेटंट तर कोणालाही वाचता येते.